रिजेक्शनची भडंग

आमच्या फौंड्रीत ज्याच्या हातून माल बिघडेल त्यानं भडंग आणायची, अशी पद्धत होती. कुणी सुरू केली ते आता नक्की कुणालाच सांगता येत नाही. मी शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला लागलो तेव्हा ती चालू होती. दुपारी पहिली पाळी सुटायची आणि दुसरी यायची, त्या मधल्या वेळात दोन्हीकडची माणसं कोअर शॉपबाहेरच्या पत्र्याखाली जमायची. ज्याची चूक तो पेपर पसरून त्यावर भडंग ओतायचा, कांदा चिरायचा, आणि सगळ्यांची तोंडं चालू असताना आपलं काय चुकलं ते उभ्यानं सांगायचा. वाळू ओली राहिली. साचा नीट मिटला नाही. लोखंड थंड झाल्यावर ओतलं. मग बाकीचे त्याची सालं काढायचे.

"घरात आंघोळीला पाणी तरी गरम घेतोस का रं?" असं कुणीतरी थंड लोखंडवाल्याला विचारायचं. कोअर शॉपात साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे करणाऱ्या बायकांत एक मावशी होत्या, त्या सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या.

पेपर झटकला की विषय संपला. त्यावर नंतर कुणी बोलायचं नाही. मालकांनी नाही, मी तर नाहीच. मी तिथला प्रॉडक्शन मॅनेजर. मीही त्यांच्यातच उभा राहून खायचो.

बाहेरच्या माणसाला ही गंमत वाटायची. पण आमच्या मालाचं बाजारात जे नाव होतं ते या पत्र्याखाली तयार झालं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं आता म्हणता येणार नाही.

एक उदाहरण सांगतो. आम्ही ट्रॅक्टरच्या गियरबॉक्सची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, हाउसिंग ओततो. भट्टीतलं वितळलेलं बीड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यात घेताना त्यात सिलिकॉनचे दाणे सोडावे लागतात. दाणे पडले नाहीत तरी माल दिसायला तसाच दिसतो, पण पातळ जागी बीड काचेसारखं कडक होतं आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर ड्रिल तुटतात. धांदलीत हे दाणे राहून जायचे. एकदा भट्टी चालवणाऱ्या मेल्टरनं भडंग आणली आणि उलट सगळ्यांनाच झापलं.

"एका हातात मळी काढायची सळई, दुसऱ्या हातात भट्टी वाकवायचा दांडा. दाणं काय तोंडानं टाकू?"

"मग टांग की वर डबा," मावशी म्हणाल्या. "तेल वताय नरसाळं लावतोय तसं लाव. तुझं तोंड ऱ्हाऊ दे बोलायला."

सगळे हसले. मेंटेनन्सवाल्यानं मात्र तिथंच कांद्याच्या हातानं पेपरच्या कोपऱ्यावर चित्र काढलं. दोन दिवसांत भट्टीच्या तोंडावर नरसाळं लावलेला डबा बसला. धातू वाहायला लागला की डब्याची झडप उघडायची आणि दाणे आपोआप धारेत पडायचे. गिऱ्हाइकाचे इंजिनिअर आले, त्यांनी फोटो काढून नेले. माल परत येणं जवळजवळ थांबलं, आणखी एका हाउसिंगचं काम मिळालं. त्या डब्यावर मी पुण्याला एका कार्यक्रमात भाषणही केलं. 'कारखान्यातील नवकल्पना' असा विषय होता. भाषणात मी सजेशन स्कीम म्हणालो. भडंग म्हणालो नाही. बरं दिसलं नसतं.

तो मेल्टर कोडोलीचा. मोटारसायकलवरून यायचा. माझ्याच वयाचा, माझ्याच आगेमागे लागलेला. तोंडाचा फटकळ, चुकाही भरपूर करायचा, भडंग आणण्यात त्याचा नंबर कायम वरचा. पण गेल्या काही वर्षांत भट्टीच्या उजेडाकडं बघून बघून त्याच्या डोळ्यांवर पडदा येत चालला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळे ठेवायचे असतील तर भट्टीसमोरून हला. आमचा जुना फोरमन त्या वर्षी निवृत्त होणार होता. फोरमनला भट्टीपुढं उभं राहावं लागत नाही, सगळ्या शॉपवर फिरायचं असतं. सगळे धरूनच चालले होते की ती जागा याची.

एक दिवस तो माझ्या केबिनमध्ये आला. बसला नाही.

"सायेब, फोरमन केलंसा तर ऱ्हातो. न्हायतर मग गावाकडं म्हशी हाईत, त्या राखतो. पर फौंड्री सोडवत न्हाय बगा."

"बघू की," मी म्हणालो. "तुझंच नाव आहे."

इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं एवढी एकच गोष्ट मागितली.

त्याच पावसाळ्यात गिऱ्हाइकाचे मोठे साहेब फौंड्री बघायला येणार होते. मी जोरात तयारीला लागलो. जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतले. भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावला, कुणाच्या हातून किती माल पडला, म्हणजे बिघडला, ते त्यावर नावानिशी दिसणार. माणसं त्याला साहेबांचा टीव्ही म्हणायला लागली. आणि भट्टीच्या अंगाला लाकडी फळ्यांवर दाण्यांची पोती रचलेली असायची, धुरानं काळी झालेली, ती डोळ्यांत खुपत होती म्हणून मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायला लावली. हमालांबरोबर मी स्वतः उभा होतो. पोती भट्टीजवळ का ठेवतात हे मला माहीत होतं. तिथं ऊब असते, दाणे कोरडे राहतात. पण साहेब चार तास येणार, तेवढ्यापुरतं चालेल, असा विचार केला. मग साहेब येऊन गेले आणि पोती शेडमध्येच राहिली. मी विसरलो.

दाण्यांनी ओल धरली. नरसाळ्यात त्यांचा गोळा झाला आणि काही लॅडल दाण्यांशिवायच ओतल्या गेल्या. मेल्टरनं नेहमीप्रमाणे तपासणीची छोटी पाचर ओतून फोडली, तर ती आतून पांढरी, म्हणजे बीड कडक झालेलं. त्यानं काम थांबवलं. तोवर ओतलेल्या सगळ्या साच्यांवर खडूनं फुल्या मारल्या, आणि तो सगळा माल फोडून परत भट्टीत गेला. गिऱ्हाइकाकडं एक नगही गेला नाही. त्या दिवशीची माल न्यायची गाडी मात्र चुकली.

दुसऱ्या दिवशी त्यानं भडंग आणली.

"दाणं डब्यात आडकलं. मी वर बघिटलं न्हाय. चूक माझी," तो म्हणाला.

"डोळं तपासून घे मर्दा," साचे करणारा एक मोल्डर म्हणाला.

"घेतल्यात की तपासून. डॉक्टर म्हणला भट्टी सोड. म्हटलं, मी सोडीन हो, भट्टी सोडंना मला."

हशा झाला. मीही हसलो. पोत्यांबद्दल तो बोलला नाही. मी बोलायला हवं होतं, तिथंच, कांदा खाता खाता. फार तर मावशींनी चार शब्द ऐकवले असते. पण आमच्या ऑफिसातून आजवर कुणीच भडंग आणली नव्हती. मालकांनी नाही, अकाउंटंटनं नाही, मी नाही. आमच्या हातून चुका होत नव्हत्या असं नाही. आम्ही खायला जायचो, एवढंच.

पुढच्या आठवड्यात मालकांनी मला फोरमनच्या जागेबद्दल विचारायला बोलावलं. त्यांच्या मनात मेल्टरचंच नाव होतं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "पण परवा गाडी का चुकली? दाण्यांचं काय झालं?"

मला दिसलं की याच्या पुढचा प्रश्न 'दाणे ओले कसे झाले' असा असणार, आणि त्याच्या पुढचा 'पोती कुणी हलवली'. मी म्हणालो, "त्याचं हल्ली लक्ष राहत नाही. डोळ्यांचंही आहे."

"तुम्ही बघितलंत का?"

"तोच म्हणाला की. सगळ्यांसमोर. चूक माझी, म्हणून."

हे खरं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

मालक दुष्ट नाहीत. त्यांना वाटलं, माणसाला तोंडावर कारण सांगावं. त्यांनी मेल्टरला बोलावलं आणि सांगितलं, तू आमच्याकडचा जुना माणूस, पण लक्ष राहत नाही असं साहेब म्हणतात, तू स्वतःही तसं कबूल केलंयस, तेव्हा फोरमन बाहेरून घेतोय. तो माझ्या केबिनच्या काचेसमोरून गेला. मी फोनवर होतो. फोनवर कुणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या शॉपला कळलं. फोरमन मिळाला नाही हे कळलंच, पण पत्र्याखाली बोललेलं केबिनमध्ये जातं, हेही कळलं.

त्यानंतर भडंग आली नाही. कुणी बंद केली नाही. कुणी आणली नाही. पाळी बदलताना माणसं पत्र्याखालून सरळ गेटकडं जायला लागली. मेल्टरनं दसऱ्यापर्यंत काम केलं. खंडेनवमीला भट्टीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, मलाही दिलं, आणि हिशेब घेऊन कोडोलीला गेला.

बाहेरून घेतलेला फोरमन डिप्लोमावाला होता. माणूस वाईट नव्हता. भिंतीवरचा स्क्रीन हळूहळू हिरवा होत गेला. माल पडायचं प्रमाण इतकं खाली आलं की मालकांनी स्क्रीनचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. मी शॉपवर फिरायचो, ज्याला विचारेन तो म्हणायचा, "ठीक हाय सायेब." मोल्डरला विचारा, ठीक हाय. भट्टीवर विचारा, ठीक हाय. मावशी एकदा म्हणाल्या, "टीव्हीवर तर लई चांगलं चाललंय की आपलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

बिघडलेला माल मोजणीआधीच परत भट्टीत जात होता. बारीक भोकं पुट्टीनं बुजवून वर रंग मारला जात होता. हे मला नंतर कळलं असं मी सगळ्यांना सांगत आलो. मला आधीच कळलं होतं. एकदा रंगाखाली नख घातलं तर पुट्टी निघून आली. मी ती परत दाबून बसवली. आकडे चांगले होते आणि त्या महिन्यात माझं कौतुक चालू होतं.

कुणी बोलत नाही म्हणून मी गेटजवळ सजेशन बॉक्सही लावला. महिन्यानं उघडला तर आत गुटख्याच्या पुड्या आणि एक चिठ्ठी. 'पंखा लावा.' पंखा लावला. परत उघडला तर नुसत्या पुड्या.

मग गिऱ्हाइकाकडून फोन आला. ड्रिल तुटतायत. आधी एका लॉटबद्दल, मग सगळ्याच. आमच्याच गाड्या आमचाच माल भरून परत यायला लागल्या. गेटपासून पॅटर्न शॉपपर्यंत हाउसिंगचे ढीग लागले. शोधाशोध केली तर भट्टीवरच्या त्या डब्याचं नरसाळं धातूवरची मळी उडून जवळजवळ बुजलेलं निघालं. एक-दोन दिवसांचं ते काम नव्हतं. भट्टीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ते दिसत असणार. कुणी सांगितलं नाही. जो सांगेल त्याचं नाव स्क्रीनवर येणार होतं, आणि तिथून केबिनमध्ये.

आम्ही एकेकाला बोलावून विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं.

गिऱ्हाइकानं काम निम्म्यावर आणलं. दुसरी पाळी बंद झाली. त्यातली माणसं कुणी हातकणंगल्याच्या बाजूला दुसऱ्या कारखान्यात गेली, कुणी घरी बसली. डिप्लोमावाला फोरमनही दुसरीकडं गेला. मी राहिलो.

त्या दिवसांत मला फार वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काही वाटत नव्हतं. सकाळी जायचो, रिकाम्या शॉपमधून चक्कर मारायचो, घरी यायचो, जेवायचो. बायको एकदा म्हणाली, "आमटीत मीठच नाहीये, आणि तुम्ही दोन वाट्या प्यालात." मी म्हणालो, "हो का?" तिनं मीठ आणून ठेवलं. मी घातलं नाही. जेवण झालं होतं.

यंदा मालकच म्हणाले, "त्या कोडोलीच्या माणसाला आणा परत. फोरमन म्हणूनच आणा. आपण चुकलो तिथं." 'आपण' म्हणाले. मी सोमवारच्या सुट्टीला कोडोलीला गेलो.

तो दारात म्हैस धूत होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, बरं दिसत होतं म्हणाला. त्याची बायको बाहेर आली, "या की, बसा. च्या टाकते," म्हणाली आणि आत गेली. मी निरोप सांगितला. तो म्हशीच्या पाठीवर पाणी मारत राहिला. मग मी ती पोत्यांची गोष्ट सांगितली. शेड, पावसाळा, मालकांपुढं काय बोललो ते, सगळं. कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत होतो. वाटलं होतं सांगताना आवाज कापेल. कापला नाही. भावकीतली कुठलीतरी जुनी बातमी सांगावी तसं सांगितलं.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"पोती तुम्ही हलवलीसा ते. मी भट्टीवरनं बघत हुतो न्हवं? हमालास्नी तुम्हीच हात करून दावत हुतासा."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? पत्र्याखाली?"

"ज्याची चूक त्यानं सांगायची हुती. माझी मी सांगिटली. मी वर बघिटलं न्हवतं, ते खरंच हुतं." त्यानं बादली उपडी केली. "तुमची तुम्ही सांगशीला म्हणून वाट बघत हुतो. हिला म्हटलंबी, उद्या सायेब भडंग आणत्यात बग. पैल्यांदा हापिसातनं येणार."

आतून चहा आला. म्हशीच्या दुधाचा, घट्ट. मी प्यालो.

"एकदा येऊन बघतो," तो म्हणाला. "मग सांगतो."

त्याच आठवड्यात तो आला. गेटवरच्या वॉचमननं मिठी मारली. मी बरोबर चालत होतो. मावशी हातातला गाभा खाली ठेवून पुढं आल्या. "आलास व्हय रं मुडद्या! म्हशी दूध देत्यात का तुला बघून आटल्या?" तो हसला. मग शॉपवर फिरायला लागला. भट्टीवर आता दुसरा माणूस होता, यानंच शिकवलेला.

"काल किती माल पडला?"

"काय न्हाय. ठीक हाय," तो माणूस म्हणाला आणि सळई हलवायला लागला.

मोल्डिंगला त्यानं वाळू मुठीत दाबून बघितली. मूठ उघडली तर गोळा झालाच नाही, सगळी सांडली.

"कोरडी हाय का रं?"

"न्हाय की. ठीक हाय."

परत कोअर शॉपशी आला. "मावशी, गाभं कसं निघाल्यात?"

मावशींनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी एक पाऊल मागं सरलो, पण उशीर झाला होता. "बरं निघत्यात," त्या म्हणाल्या आणि साच्यात वाळू भरायला लागल्या.

तो गेटशी आला. गाडीला किल्ली लावली आणि थांबला.

"सायेब, मी हितं फोरमन हून करू काय?"

"तू आलास की माणसं बोलायला लागतील."

"लागतील. माज्यासंगं बोलतील. मग तुम्ही मला केबिनीत घेशीला आणि इचारशीला, काय म्हणत्यात माणसं. तवा मी काय सांगू?"

"मी विचारणार नाही."

"तुम्ही न्हाय इचारणार," तो म्हणाला. "मालक तुमास्नी इचारतील की."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो फक्त काम कसं चालतं ते सांगत होता. "येतो," म्हणाला. मी मान हलवली. कोडोलीच्या बाजूला वळेपर्यंत गाडी दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

मालकांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"घरच्या व्यापात जमणार नाही म्हणाला."

"पगार वाढवून देऊ म्हणावं."

"तेही सांगून बघितलं," मी म्हणालो. मी तसं काही सांगितलं नव्हतं.

पोती कुणी हलवली हे मालकांना अजून माहीत नाही. माल का पडला याचं त्यांच्याकडचं कारण अजून तेच आहे, जे मी त्यांना दिलं. ते वाचणारे गृहस्थ आहेत, मासिकांचे अंक घरी येतात, आणि मी लिहिलेल्या या मजकुरात कुणाचं नाव नसलं तरी पहिल्या दोन ओळींत त्यांना कळेल ही कुणाची फौंड्री. हे छापून येण्याआधी मी त्यांना जाऊन सांगायला हवं. त्यांच्या केबिनचं दार माझ्या टेबलावरून दिसतं. आज दिवसभर ते उघडंच होतं. मी गेलो नाही.

फोरमनची जागा रिकामी आहे. तोवर ते काम मी बघतो.